समोरच्याच्या फोनमधला फ्रेडी

मी वाईची. लहानपणी एसटीने पसरणीचा घाट चढून पाचगणीला जायचो तेव्हा सगळं लक्ष टेबल लँडवरच्या घोड्यांकडे. सेंट पीटर्स नावाची शाळा तिथे आहे एवढंच माहीत, पण क्वीन या इंग्लिश रॉक बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी तिथे शिकलाय हे कळायला मला कॉलेजात जावं लागलं, ते पण दादाने सांगितलं म्हणून. झांझिबारचा पारशी मुलगा, फारोख बुलसारा, आठ-नऊ वर्षांचा असताना बोटीने इतक्या लांब बोर्डिंगात आला आणि शाळेतच पोरांना घेऊन बँड काढला, द हेक्टिक्स. तेव्हापासून माझं त्याच्याशी उगाचच नातं, माहेरचा माणूस असल्यासारखं.

तर 2020 साली दादाने क्वीनच्या लंडनमधल्या शोची दोन तिकिटं काढली, एक माझं. मग कोरोना. शो गेला 2021 वर, तिथून 2022 वर, आणि मी तोपर्यंत ते तिकीट विसरूनही गेले होते. किंमत सांगत नाही, आई हे वाचते.

लंडनचे दहा दिवस मस्त गेले, राणीच्या महालाबाहेर उभी राहिले, म्युझियमं बघितली, पाय दुखले. झालं. आता खरं सांगते.

शोच्या दिवशी नेमका ट्यूबवाल्यांचा, म्हणजे तिथल्या भुयारी रेल्वेचा, संप! दादा म्हणाला, "काळजी करू नकोस, बोटीने जाऊ." म्हणजे आधी बस, मग चालणं, मग अजून चालणं, मग धक्क्यावर ही लांबलचक रांग. वहिनी शहाणी, ती घरीच राहिली. रांगेत मी एका काकांना म्हटलं, फ्रेडी आमच्या भागात शिकला हं. ते म्हणाले, "हो का, छान," आणि घड्याळ बघितलं. मी वाईहून हे वाक्य इंग्रजीत घोकून आले होते हो!

बोट मात्र फार आवडली. टॉवर ब्रिजखालून जाताना वारं तोंडावर येतं आणि मग नदीच्या वळणावर शो जिथे होता ते ओटू दिसतं, पांढरंशुभ्र, पाठीत पिवळे काटे खुपसलेल्या साळिंदरासारखं. ते काटे म्हणजे 12 खांब, महिन्यांइतके, आणि तंबूचा व्यास 365 मीटर, दिवसांइतका. 2000 साल साजरं करायला बांधलेला हा मिलेनियम डोम, त्याच्या पोटात नंतर वीसेक हजार माणसांचं अरीना बसवलं. म्हणजे तंबूत इमारत. आत गेल्यावर आपण तंबूत आहोत हे विसरायलाच होतं.

आमच्या जागा सगळ्यात वरच्या मजल्यावर. मला उंचीची भीती वाटते हे दादाला माहितीये, तरी. पायऱ्या इतक्या उभ्या की समोरच्याच्या टकलावर पाय ठेवून खाली जाता येईल असं वाटलं, मी दोन्ही हातांनी खुर्ची धरून बसले. शेजारच्या आजोबांना पाचगणी सांगितली. त्यांनी वेफर्सचं पाकीट पुढे केलं.

मी जरा नाक मुरडूनच गेले होते. फ्रेडी 1991 ला गेला, बासवाला जॉन डीकन 1997 पासून निवृत्त, उरले दोघंच, गिटारवर ब्रायन मे आणि ड्रमवर रॉजर टेलर. गायला अॅडम लँबर्ट, अमेरिकेतल्या टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेतून आलेला. पण पोरगा हुशार निघाला. तो फ्रेडी व्हायला जातच नाही, उलट मी पण तुमच्यासारखाच त्याचा चाहता अशा थाटात वावरतो, आणि आवाज तर असा की वरच्या मजल्यावरही अंगावर काटा. आणि मे! चौऱ्याहत्तर वर्षांचा, खगोलशास्त्रात डॉक्टरेट, दोन वर्षांपूर्वी हार्ट अटॅक येऊन गेलेला, आणि हातात तीच गिटार जी त्याने पोरवयात वडिलांबरोबर घरी बनवली, मान जुन्या फायरप्लेसच्या लाकडाची. वाजवतो पण नाण्याने, सिक्सपेन्सच्या. मी तर चष्मा पुसून पुसून बघत होते.

मग ते झालं. म्हातारा स्टेजच्या पुढे लांब काढलेल्या त्या टोकाला एकटाच स्टुलावर बसला, साधी गिटार घेऊन, आणि 'लव्ह ऑफ माय लाइफ' सुरू केलं. सगळं अरीना हळू आवाजात गातंय, हजारो फोनचे दिवे, मी खुर्ची सोडून उभी राहिले कधी ते कळलंच नाही. आणि शेवटाकडे मागच्या पडद्यावर फ्रेडी येतो. जुन्या शोमधला, गाता गाता. मे त्याच्याकडे वळून बघतो.

आणि बरोब्बर त्याच क्षणी माझ्या समोरच्या इसमाने दोन्ही हात वर करून फोन धरला!

अहो तीस सेकंदांचा फ्रेडी, दोन वर्षं थांबलेली मी, आणि मला तो दिसला कुठे तर याच्या फोनमध्ये, तळहाताएवढा. आधीच पडद्यावरचा माणूस, त्याचं पण चित्र! डावीकडे वाकले, तर याचा हात डावीकडे. खांद्यावर टकटक करावंसं वाटलं, पण डोळ्यांत पाणी, नाक वाहतंय, अशा अवस्थेत इंग्रजीत भांडता येत नाही मला. दादाला म्हटलं, "काय माणूस आहे!" तर दादा पण रडत होता.

शेवटी शेवटी ते धप्प धप्प टाळीचं गाणं, 'वुई विल रॉक यू'. रेकॉर्डिंगच्या वेळी म्हणे मोजक्याच लोकांनी फळ्यांवर पाय आपटले होते आणि मेने तो आवाज थोड्या थोड्या उशिराने परत परत मिसळून गर्दी उभी केली, उशीर किती ठेवायचा ते पण मूळ संख्यांवरून काढलं. इथे वीस हजार खरे पाय! पलीकडच्या बाजूची टाळी आमच्यापर्यंत किंचित उशिरा येत होती, बिनगणिताची. वरचा मजला पायाखाली थरथरत होता आणि मी, जिला उंचीची भीती, आजोबांच्या बरोबरीने पाय आपटत होते.

परतीला रात्रीची बस मिळाली ती दीड वाजता, दादा खिडकीला डोकं टेकून झोपला. मी फोन काढला. कारण आता कबूल करते, त्या गाण्याला मी पण व्हिडिओ काढत होते. दोन मिनिटं चाळीस सेकंद. मे कुठेच नाही, फ्रेडी नाही, सगळा वेळ त्या माणसाचा फोन आणि वरून माझा बेसूर आवाज. मागच्या रांगेतून कोणीतरी बाईने म्हटलेलंही ऐकू येतंय, "हात खाली घ्या ना."