पल्ला नको, सेकंद मोजा

खांद्यावरून किंवा तिपाईवरून डागायच्या रणगाडाविरोधी क्षेपणास्त्राचा विषय निघाला की लोक आधी पल्ला विचारतात. मी आधी बघतो ते किती सेकंद हवेत राहतं, कारण तेवढा वेळ नेमबाज बहुधा जागेला खिळलेला असतो.

सोव्हिएत माल्युत्का घ्या (नाटोच्या भाषेत सॅगर). साधारण 11 किलोचं क्षेपणास्त्र पेटीत घालून पाठीवर न्यायचं, पेटीचं झाकण हाच डागण्याचा पाया. पल्ला 3000 मीटर, वेग सेकंदाला जेमतेम 120 मीटर; म्हणजे पूर्ण पल्ल्याला पंचवीस सेकंद! तेवढा वेळ नेमबाजाने एकाच वेळी रणगाडा आणि क्षेपणास्त्राच्या शेपटीचा उजेड बघत जॉयस्टिकने ते वळवायचं. आज्ञा मागे उलगडत जाणाऱ्या बारीक तारेतून जातात. सुरुवातीचे काहीशे मीटर ते नजरेच्या रेषेत आणण्यातच जातात, म्हणून 500 मीटरच्या आतलं लक्ष्य जवळपास सुरक्षित. नेहमीची चूक म्हणजे जॉयस्टिक जास्त ढकलणं: क्षेपणास्त्र हेलकावे खातं आणि जमिनीत घुसतं. म्हणून सिम्युलेटरवर न संपणारा सराव.

ऑक्टोबर 1973 च्या अरब-इस्रायल युद्धात सुएझ कालव्यापलीकडे इजिप्तच्या सैनिकांच्या हातून त्याने इस्रायली रणगाड्यांना जबर तडाखा दिला. पण त्या पंचवीस सेकंदांतच उताराही सापडला: उजेड दिसला की नागमोडी पळायचं, धूळ उडवायची आणि ज्या दिशेने ते आलं तिकडे गोळीबार करायचा. नेमबाज दचकला की नेम गेलाच.

फ्रेंच-जर्मन मिलानने (आपल्याकडे हैदराबादच्या भारत डायनॅमिक्समध्ये बनतं) जॉयस्टिक काढून टाकली. दुर्बिणीतली फुली रणगाड्यावर धरायची. शेपटीच्या अवरक्त उजेडाचं फुलीपासूनचं अंतर यंत्र मोजतं आणि स्वतःच दुरुस्ती पाठवतं. 2000 मीटरला साधारण साडेबारा सेकंद. नेमबाज मात्र अजून बांधलेलाच. शिवाय रणगाड्यावर बसवलेली रशियन श्तोरासारखी बचाव यंत्रणा तसाच खोटा उजेड फेकून मोजणारं यंत्र चकवते.

अमेरिकी जॅव्हलिनमध्ये उष्णतेचं चित्र ओळखणारा शोधक डागण्याआधीच लक्ष्य पकडतो. सुटलं की नेमबाज मोकळा, आणि क्षेपणास्त्र वर चढून छताच्या पातळ चिलखतावर पडतं. डीआरडीओचं एमपीएटीजीएमही (सैनिकाने उचलून न्यायचं रणगाडाविरोधी क्षेपणास्त्र) याच 'डागा आणि विसरा' जातीचं. अडचण निराळी: पहाटे-संध्याकाळी रणगाडा आणि जमीन सारख्याच तापमानाला आली की चित्र फिकं पडतं, लक्ष्य पकडायला वेळ लागतो. सेकंद इथेही जातात, फक्त डागण्याआधी.