सिंगल बोर्ड कॉम्प्युटर आणि टाकीचा पंप: ‘बंद’ची खात्री आधी

टाकीतल्या पाण्याची पातळी मोजून पंप आपोआप चालू-बंद करणारी यंत्रणा टेबलावर एका संध्याकाळी उभी राहते. तीच यंत्रणा कुणी न बघता सहा महिने चालवायची असेल, तर कोड लिहायच्या आधी एका प्रश्नाचं उत्तर हवं: प्रोग्रॅम अडकला, सेन्सरची तार सुटली किंवा बोर्ड रीस्टार्ट झाला, तर पंप कोणत्या स्थितीत राहील? उत्तर प्रत्येक वेळी ‘बंद’ यायला हवं, आणि त्यातलं जितकं वायरिंगमध्ये बसवता येईल तितकं चांगलं.

या कामाला रास्पबेरी पाय झीरो २ डब्ल्यू (पुढे नुसता ‘पाय’) हा छोटा सिंगल बोर्ड कॉम्प्युटर पुरेसा आहे. त्याच्या ५१२ एमबी मेमरीत पायथनचा प्रोग्रॅम आणि मॉस्किटो ब्रोकर (उपकरणांमधले संदेश इकडून तिकडे पोचवणारा प्रोग्रॅम) दोन्ही आरामात मावतात. मोठ्या बोर्डावर जाणारा पैसा चांगल्या पॉवर सप्लायवर घालवा, असं माझं ठाम मत आहे. पुरवठा साधारण ४.६३ व्होल्टच्या खाली गेला की पाय त्याची नोंद ठेवतो. ‘व्हीसीजेनसीएमडी’ कमांडला ‘गेट थ्रॉटल्ड’ विचारा (vcgencmd get_throttled). उत्तर नुसतं शून्य (0x0) आलं तर ठीक. 0x50000 किंवा 0x50005 असा आकडा दिसला तर पुरवठा तरी कमजोर आहे किंवा केबल बारीक आहे. हे न बघता कोडमध्ये दोष शोधत बसण्यात दिवस जातात.

पातळीसाठी जेएसएन-एसआर०४टी हा पाण्यापासून सुरक्षित असलेला अल्ट्रासोनिक सेन्सर घ्या. तो आवाजाची लहर सोडतो आणि ती पाण्यावरून परत यायला लागलेल्या वेळेवरून अंतर काढता येतं. तो ५ व्होल्टवर चालवला की त्याची एको पिन (परतीची वेळ सांगणारी) हीसुद्धा ५ व्होल्ट देते, पण पायच्या पिना फक्त ३.३ व्होल्ट सोसतात. म्हणून एको आणि पाय यांच्यामध्ये १ किलो-ओहमचा रेझिस्टर घाला आणि पायच्या पिनेपासून ग्राउंडला २ किलो-ओहमचा लावा. पिनेवर ३.३३ व्होल्ट येतात. या सेन्सरला साधारण २५ सेंटिमीटरच्या आतलं काही दिसत नाही, त्यामुळे तो टाकी पूर्ण भरल्यावरच्या पातळीपेक्षा ३० सेंटिमीटर वर बसवा. टाकीत पाणी पडणारा पाइप त्याच्या झोतात येऊ देऊ नका, नाहीतर पंप चालू असताना पडणाऱ्या धारेचंच अंतर मोजलं जाईल.

खरी अडचण वेळेची आहे. पायवर चालणारा लिनक्स एकाच वेळी दहा कामं करत असतो. एको मोजताना प्रोग्रॅमला १ मिलिसेकंद उशीर झाला, तर आवाजाच्या वेगाने उत्तर १७ सेंटिमीटरने चुकतं. दोन उपाय आहेत. एक, ६० मिलिसेकंदांच्या अंतराने सात वाचनं घ्यायची, चढत्या क्रमाने लावायची आणि मधलं धरायचं. सरासरी घेऊ नका, एकच चुकलेलं वाचन ती बिघडवून टाकतं. दुसरा आणि अधिक भरवशाचा उपाय म्हणजे मोजण्याचं काम पिकोसारख्या मायक्रोकंट्रोलरला द्यायचं आणि तयार आकडा सीरियल तारांवरून पायला पाठवायचा. पिकोही ३.३ व्होल्टचाच आहे, तेव्हा वरचे दोन रेझिस्टर तिथेही लागतात.

तापमानाचाही फरक पडतो. २० अंशांना आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर असतो, ४० अंशांना ३५५. म्हणजे साडेतीन टक्के. १३० सेंटिमीटरवर साडेचार सेंटिमीटरची चूक, पण टाकी भरलेली असताना ३० सेंटिमीटरवर जेमतेम एक. ओसंडण्याचा धोका जिथे आहे तिथेच मापन अचूक आहे, म्हणून मी यासाठी वेगळा तापमान सेन्सर लावायला सांगणार नाही.

आता पंप. बहुतेक तयार रिले (छोट्या सिग्नलवर चालणारा विजेचा स्विच) मॉड्यूल इनपुट ग्राउंडला गेल्यावर चालू होतात, आणि पायच्या जीपीआयओ ९ ते २७ या पिना (हे प्रोग्रॅममधले क्रमांक, बोर्डावरचा क्रम नव्हे) सुरुवातीला खाली, म्हणजे ग्राउंडकडे, ओढलेल्या असतात. अशी पिन मॉड्यूलला थेट जोडली तर बोर्ड सुरू होतानाच रिले चालू होण्याचा धोका राहतो. मध्ये बीसी ५४७ ट्रान्झिस्टर घाला: जीपीआयओ १७ पासून १ किलो-ओहममधून बेसला, बेसपासून १० किलो-ओहम ग्राउंडला, एमिटर ग्राउंडला आणि कलेक्टर रिलेच्या इनपुटला. आता पिन वर गेली तरच रिले लागतो. बोर्ड मेला, रीसेट झाला किंवा पिनेची तार निघाली, तर रिले सुटतो.

रिलेवर ‘१० अँपियर’ छापलेलं असलं तरी मोटर थेट त्यावर लावू नका. सुरू होताना मोटर नेहमीच्या कित्येक पट करंट ओढते, त्यात रिलेचे संपर्क चिकटतात, आणि चिकटलेला रिले कोणताही प्रोग्रॅम सोडवू शकत नाही. रिलेने कॉन्टॅक्टरची (मोटरसाठी बनवलेला दणकट रिले) कॉइल चालवा आणि कॉन्टॅक्टरने मोटर. कॉइलवर १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरडचा स्नबर (बंद होतानाचा विजेचा झटका शोषणारी रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी) लावा. तो नसेल तर पंप बंद होण्याच्या क्षणी पाय रीस्टार्ट होण्यासारखे प्रकार घडतात. कॉइलच्याच वाटेत एक यांत्रिक फ्लोट स्विच घाला, पाणी ९५ टक्क्यांवर गेलं की उघडणारा. त्याला कोड कळत नाही, हाच त्याचा गुण. मेन लाइनचं हे काम जाणकार इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या आणि पायचा डबा वेगळा ठेवा.

प्रोग्रॅममध्ये एकच पातळी ठेवली तर लाटांमुळे पंप तडतड चालू-बंद होईल. ४० टक्क्यांखाली चालू, ९० टक्क्यांवर बंद, असं अंतर ठेवा. टाकीत १ मीटर पाणी मावत असेल आणि ४० ते ९० भरायला ३५ मिनिटं लागत असतील, तर पाणी मिनिटाला साधारण दीड सेंटिमीटर चढतं. यातूनच कोरड्या पंपाची ओळख फुकटात मिळते: चालू झाल्यावर पाच मिनिटांत पातळी ३ सेंटिमीटरही चढली नाही, तर पंप बंद करा आणि माणसाने हात लावेपर्यंत पुन्हा चालू होऊ देऊ नका. ४५ मिनिटांची वरची मर्यादा वेगळी ठेवा. या मिनिटांसाठी पायथनचं ‘टाइम डॉट मोनोटॉनिक’ वापरा. झीरो २ डब्ल्यूवर बॅटरीचं घड्याळ नसतं, आणि इंटरनेट आल्यावर वेळ एकदम पुढे उडी मारते. शेवटचं चांगलं वाचन ३० सेकंदांपेक्षा जुनं झालं, तरीही पंप बंद.

प्रोग्रॅम मारला गेला तर पिन शेवटच्या स्थितीतच राहू शकते, म्हणजे पंप चालूच. म्हणून सिस्टिमडीच्या (लिनक्सवर प्रोग्रॅम सुरू ठेवणारी व्यवस्था) सर्व्हिसमध्ये ‘एक्झेकस्टॉपपोस्ट’ला पिन खाली आणणारी छोटी स्क्रिप्ट द्या, ‘वॉचडॉगसेक’ने अडकलेला प्रोग्रॅम पकडा आणि पायचा हार्डवेअर वॉचडॉगही (बोर्ड अडकला तर तो रीस्टार्ट करणारा टायमर) चालू करा. त्याची कमाल मुदत साधारण १५ सेकंद आहे, १० ठेवा.

एमक्यूटीटीवर (मॉस्किटो ब्रोकर वापरतो ती संदेशांची पद्धत) पातळी आणि स्थिती ‘रिटेन’ करून, म्हणजे ब्रोकरने शेवटचा संदेश जपून ठेवावा अशी, पाठवा, पण ‘पंप चालू’ हा आदेश कधीही रिटेन करू नका. वायफाय तुटून परत जोडलं की ब्रोकर तोच जुना आदेश पुन्हा देतो आणि मध्यरात्री पंप सुरू होतो. नोंदी मेमरीत साठवून दहा मिनिटांनी एकदा एसडी कार्डावर लिहा.

बसवल्यावर पंप चालू असताना एकेक करून सेन्सरची तार काढा, प्रोग्रॅम ‘किल -९’ने (जबरदस्तीने बंद करणारी कमांड) मारा, पायचा पुरवठा तोडा. तिन्ही वेळा कॉन्टॅक्टर किती सेकंदांत सुटला ते मोजून डब्याच्या झाकणाच्या आत लिहून ठेवा. फ्लोट स्विच हाताने उचलून बघायला विसरू नका, आणि ही चाचणी दर तीन महिन्यांनी करा, कारण क्षार साचून फ्लोट जागच्या जागी अडकतो.