कुंभार गल्लीतल्या भिंतीवरच्या दोन रेघा

पुराचे आकडे कोल्हापूरकरांना तोंडपाठ असतात. पंचगंगेची पातळी जिथे मोजतात त्या राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांना इशारा, 43 फुटांना धोका. ऑगस्ट 2019 मध्ये पंचगंगा 55 फूट 7 इंचांवर गेली, जुलै 2021 मध्ये 56 फूट 3 इंचांवर. मी नगररचनेच्या कामात आहे. शहराच्या पुढच्या वीसेक वर्षांचा विचार करणाऱ्या आमच्या गटात माझ्या वाट्याला जयंती नाल्याच्या काठच्या पूरखुणा आल्या होत्या. बंधाऱ्यावरचा आकडा नदीचा असतो. घरात पाणी किती चढलं, ते घरात जाऊनच मोजावं लागतं.

शाहूपुरीतल्या कुंभार गल्लीत एका शेडमध्ये शिरले. दोन्ही बाजूंना गणपतीच्या कोऱ्या मूर्ती, जमिनीवर ओल्या शाडूचा वास. मागच्या भिंतीवर दोन रेघा होत्या. खालची पेन्सिलची, पुसट झालेली. वरची निळ्या ऑइलपेंटची, ठसठशीत. "खालची एकोणीसची, वरची एकवीसची," शेडच्या मालकीणबाई म्हणाल्या. "दुसऱ्या बारीला रंगच हातात हुता, म्हणून रंगानंच वढली." आम्ही लेव्हल, म्हणजे उंची मोजायची दुर्बीण लावली, भिंतीशी स्टाफ, म्हणजे आकड्यांची मोजपट्टी धरली. दोन रेघांत वीतभर अंतर भरलं. बंधाऱ्यावरचा फरक आठ इंच. इतक्या लांब, एका कुंभाराच्या भिंतीवर नदीने आपली नोंद इतकी बिनचूक ठेवली होती की माझ्यासोबतचा पोरगा पुन्हा एकदा वाचून आला.

"पण मावशी, नदी तर तिकडे राहिली," मी म्हटलं.

"पाणी नदीकडनं न्हाई येत, बाई. नाल्यातनं उलटं येतंय."

त्या म्हणाल्या ते खरंच आहे. जयंती नाला कात्यायनीच्या डोंगराकडून निघतो, शहराच्या पोटातून जाऊन पंचगंगेला मिळतो. नदी फुगली की नाल्याचं तोंड अडतं आणि नदीच नाल्यातून वर चढते. व्हीनस कॉर्नर, दसरा चौक बुडतो तो असा. त्यातच खाली नरसोबावाडीला, जिथे पंचगंगा कृष्णेला मिळते, तिथे कृष्णा भरलेली असली, तर पंचगंगेला उतरायलाही वाट नाही.

मग त्यांनी मला मागच्या दारी नेलं. तिथे पूर्वी मोकळी सखल जागा होती, आता मुरमाचा भराव होता, कमरेच्या वर. "आधी नाला तुंबला की पाणी हितं साचायचं. आमाला सांजपासनं सकाळपतूर सवड गावायची. गल्लीतली सगळी पोरं मिळून मूर्ती माळ्यावर चढवायची. आता नाला तुंबला की तासा-दोन तासांत उंबऱ्याला पाणी."

मी तिथेच थांबले. आमच्या नकाशावर पुराची उंची होती, पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा होती, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा होती. पाणी उंबऱ्याला यायला किती वेळ लागतो, हे कुठेच नव्हतं. नदी चढली की शेवटची पातळी तीच ठरवते, भरावाने तिच्यात फार फरक पडणार नाही. पण नाल्याचं तोंड अडल्यावर शहरात पडणारा पाऊस थांबणार कुठे? एक एकर जागा दहा फूट भरली तर जवळजवळ सव्वा कोटी लिटर पाण्याची जागा गेली. दहा हजार लिटरचे बाराशेहून जास्त टँकर. तेवढं पाणी शेजाऱ्याच्या घराकडे वळतं आणि मूर्ती उचलायचे तास खाऊन टाकतं. 2019 ला गणपती दोन सप्टेंबरला होते, पूर ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात. वर्षभराची कमाई तेव्हा जमिनीवर मांडलेली असते.

शिरोलीजवळच्या महामार्गाचा भराव पुराचं पाणी अडवतो, अशी चर्चा दर पुरात होते, व्हायलाच हवी. गल्लीतल्या भरावावर कोणी बोलत नाही.

आमची लेव्हल बघून भराव घातलेल्या जागेचे मालकही आले. चिडलेले होते. "रेषा सरकवा म्हणत न्हाई मी. पण ही जागा वडिलांनी घेतलीय. मी काय करू, सांगा." त्यांना खलनायक करणं मला जमणार नाही. 1972 साली महापालिका झाली, त्यानंतर हद्दवाढीची नुसती चर्चाच होत राहिली. शहरात जागा उरली नाही की नाल्याकाठच्या जमिनीला भाव येतो. निळ्या आणि लाल रेषेच्या मधल्या पट्ट्यात जोतं उंच घेऊन बांधता येतं, आणि जोतं उंच करायचा सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे मुरूम टाकणं.

मी त्यांना कागदावर काढून दाखवलं. तेच घर खांबांवर उभं केलं, तळ मोकळा ठेवला, तर पाणी खालून फिरेल. खर्च जास्त येतो, हे त्यांनी लगेच सांगितलं. मग तो फरक एकट्या त्यांनी का सोसायचा, हाही प्रश्न रास्त आहे. वाचणारे तास सगळ्या गल्लीचे आहेत.

त्या रात्री टिपणात मी तीन मागण्या लिहिल्या. नाल्याकाठच्या पट्ट्यात भराव बंद, बांधायचं तर खांबांवरच. जे मालक जागा मोकळी सोडतील त्यांना हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजे तेवढं बांधकाम दुसरीकडे करायचा किंवा विकायचा हक्क, तोही मुदतीत, कारण दहा वर्षांनी मिळणाऱ्या कागदावर कोणी जमीन सोडत नाही. आणि प्रत्येक गल्लीसाठी नकाशावर उंचीसोबत वेळ: नाल्याचं तोंड अडल्यापासून उंबऱ्याला पाणी यायला किती तास. तो आकडा भरायला गल्लीतल्या माणसांनाच विचारावं लागेल. कुंभार गल्लीपासून सुरुवात करायची, असं मी टिपणाच्या पहिल्याच पानावर लिहिलंय.