फाइलच्या नोटमध्ये न बसणाऱ्या गोष्टी

शुक्रवारी ऑफिसची किल्ली परत दिली. माझी पहिली नोकरी, एक वर्षाची. न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये जॅक्सन हाइट्सला, सात नंबरच्या ट्रेनला लागून, फार्मसीच्या वर दोन खोल्या, इमिग्रंट्सना मदत करणारी छोटीशी संस्था. ट्रेन आली की बोलता बोलता थांबायचं आणि गेली की तिथूनच पुढे बोलायचं, ही सवय अजून गेली नाहीये.

मी सोडली असं नाही, सोडावी लागली. माझं सोशल वर्कचं मास्टर्स स्टेममध्ये (म्हणजे सायन्स, टेक्नॉलॉजी, इंजिनिअरिंग, मॅथ्स) येत नाही म्हणून ओपीटी, म्हणजे शिक्षणानंतर मिळणारी कामाची परवानगी, 12 महिन्यांचंच, आणि एच वन या वर्क व्हिसाच्या लॉटरीत नंबर लागला नाही. (युनिव्हर्सिटीशी जोडलेल्या संस्थांना ती लॉटरी नसते, आमची तशी नव्हती.) वर्षभर दुसऱ्यांचे कागद लावून दिले आणि माझे संपले, याचं वाईट वाटतंच, खोटं कशाला बोलू. पण खरा जीव गुंतला तो हँडओव्हर करताना.

कॉम्प्युटरवर काय भरायचं ते ठरलेलं आहे, कुठला फॉर्म, कधी गेला, पुढची तारीख काय. पण मला माहीत असलेलं निम्मं त्या रकान्यांत बसतच नाही. एका नेपाळी ताईंना चारनंतरच फोन करायचा, त्याआधी त्या दुसऱ्यांच्या घरी मुलं सांभाळतात आणि तिथे फोन घेतलेला चालत नाही, हे कुठे लिहू? पंजाबहून आलेला एक मुलगा, असायलमचा, म्हणजे आश्रय मागण्याचा, अर्ज इथे आल्यापासून एका वर्षात करावा लागतो, त्याच्याकडून एका दुकानात पैसे घेतले आणि 'भरला' म्हणून सांगितलं, प्रत्यक्षात भरलाच नव्हता, आमच्याकडे आला तेव्हा चौदावा महिना चालू होता. इमिग्रेशन कोर्टात सरकार वकील देत नाही हे मी त्याला सांगितलं तेव्हा तो काहीच बोलला नाही, नुसती त्या दुकानाची पावती घडी घालत आणि उलगडत राहिला. त्याच्या फाइलवर मी मोठ्या अक्षरात लिहिलंय, ओरिजिनल पावती त्याच्याकडे आहे, घड्यांवर फाटत चाललीये, आधी स्कॅन करा, उशीर का झाला ते सांगायला हाच कागद आहे.

आणि बाबाजी. टॅक्सी चालवून चालवून रिटायर झालेले. वय 65 च्या पुढे आणि ग्रीन कार्डला 20 वर्षं होऊन गेली असली की सिटिझनशिपच्या परीक्षेला 20 च प्रश्न तयार करायचे असतात, ते पण आपल्या भाषेत, दुभाषी घेऊन. दर बुधवारी आम्ही तेच 20 प्रश्न घोकायचो. लिंकनने काय केलं विचारलं की बाबाजी खुर्चीत ताठ बसायचे आणि म्हणायचे, "लिंकन साहब ने गुलाम छुडाए, पुत्तर." साहब म्हटल्याशिवाय कधी उत्तर दिलं नाही. त्यांना डाव्या कानाने ऐकू येत नाही आणि ते कुणाला सांगत नाहीत, नुसती मान हलवतात, मलाच कळायला दोन महिने लागले. त्यांच्या फाइलवर शेवटची ओळ तीच टाकली: दुभाष्याने उजवीकडे बसावं.

इंटरव्ह्यू 14 तारखेला सकाळी 10 ला आहे, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात. मी तेव्हा साताऱ्यात असेन. नातवाकडून व्हॉट्सॲप कॉल लावून घेतो म्हणालेत. मी सातपासूनच फोन घेऊन बसणारे.