पाच थेंबांचा उतारा

त्या दिवशी एकाच बाळाच्या टाचेला मला दुसऱ्यांदा टोचावं लागलं. चूक माझी होती. पंधरा दिवसांपूर्वी, बाळ सहा आठवड्यांचं असताना एचआयव्ही तपासणीसाठी भरलेल्या कार्डावर रक्ताचे दोन थेंब एकमेकांत मिसळले होते. प्रयोगशाळेनं ते कार्ड नाकारलं आणि त्या बाईला बाळ घेऊन पुन्हा दीड तासाची एसटी करावी लागली. याचं मला आजही वाईट वाटतं.

मी बेळगाव जिल्ह्यात, महाराष्ट्राच्या हद्दीजवळच्या एका तालुका दवाखान्यात एचआयव्ही तपासणी केंद्रात लॅब टेक्निशियन आहे. (ओळख पटेल असं यात काही ठेवलेलं नाही.) जुलै महिना होता, आठ दिवस ऊन नव्हतं. समुपदेशक बाई रजेवर, त्यामुळे बोलायचं कामही माझ्याकडेच होतं.

आई पंचविशीतली. गरोदरपणाच्या पहिल्याच तपासणीत तिला एचआयव्ही असल्याचं कळलं, आणि तेव्हापासून तिनं एक दिवसही गोळी चुकवली नव्हती. बरोबर तिचे वडील होते. त्यांना बाहेर थांबायला सांगणार, तेवढ्यात ती म्हणाली, “आप्पांच्या समोरच बोला अक्का. त्येंना सगळं ठावं हाय.” आप्पांच्या हातात प्लास्टिकची पिशवी होती. दवाखाना आटोपून त्यांना तहसीलदार कचेरीत जायचं होतं.

बाळाचा पाय कोमट ओल्या कापडात गुंडाळून ठेवला. टाचेच्या कडेला टोचलं, पहिला थेंब पुसला आणि दुसरा थेंब नीट फुगेपर्यंत थांबले. कार्डावर पाच गोल छापलेले असतात. कागद कातडीला न टेकवता एका गोलात एकच थेंब सोडायचा. या वेळी पाचही गोल स्वच्छ भरले. बाळ रडून रडून लाल झालं होतं, आईनं त्याला पदराखाली घेतलं.

“साध्या टेस्टमधी कळत न्हाई काय वो?” तिनं विचारलं.

साधी टेस्ट विषाणू शोधत नाही, विषाणूविरुद्ध शरीरानं बनवलेली प्रतिपिंडं शोधते. आईची प्रतिपिंडं वारेतून बाळात उतरतात आणि दीड वर्षापर्यंत राहू शकतात. म्हणजे बाळ निरोगी असलं तरी ती टेस्ट पॉझिटिव्ह येऊ शकते. म्हणून या कार्डावरच्या रक्तात आम्ही विषाणूचं डीएनए शोधतो. एवढं सांगून मी थांबले असते, पण आप्पांनी विचारलं, “मग गोळ्या जन्मभर कशाला? विषाणू मारला की झालं न्हवं?”

मला हा प्रश्न फार मोलाचा वाटतो, आणि घाईघाईत त्याला उत्तर मिळत नाही. मी खुर्ची ओढून बसले.

एचआयव्हीचा स्वतःचा मजकूर आरएनएवर, म्हणजे डीएनएच्याच जातीतल्या दुसऱ्या एका रेणूवर लिहिलेला असतो, जेमतेम पावणेदहा हजार अक्षरांचा. आपल्या पेशीचं दप्तर मात्र डीएनएमध्ये. म्हणून विषाणू येताना स्वतःचा लेखनिक घेऊन येतो, रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज नावाचा एन्झाइम, म्हणजे रासायनिक काम करणारं प्रथिन. तो आरएनए वाचून डीएनए लिहितो. पेशीत नेहमी याच्या उलट चालतं, डीएनएवरून आरएनए उतरवला जातो. म्हणूनच 1964 मध्ये अमेरिकन शास्त्रज्ञ हॉवर्ड टेमिन यांनी, काही विषाणूंचं आरएनए आधी डीएनए होऊन पेशीत बसत असावं, असं म्हटलं तेव्हा बहुतेकांनी मानलं नाही. 1970 मध्ये त्यांनी आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी वेगवेगळं काम करून हा एन्झाइम दाखवून दिला, आणि 1975 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. 1983 मध्ये पॅरिसमध्ये एचआयव्हीचा पहिला माग लागला, तोही याच एन्झाइमच्या खुणेवरून. आप्पांना अर्थात ही नावं मी सांगितली नाहीत. लेखनिक कसं लिहितो, तेवढं सांगितलं.

त्याला कोऱ्या कागदावर सुरुवात करता येत नाही. पहिल्या अक्षराला टेकू लागतो, आणि तो टेकू आपल्याच पेशीतला एक छोटा आरएनए असतो. सुरुवात होते ती मजकुराच्या एका टोकाजवळ, त्यामुळे थोडं लिहिताच टोक संपतं. मग तो लिहिलेल्या तुकड्यासकट दुसऱ्या टोकावर उडी घेतो. दोन्ही टोकांना थोडा मजकूर तोच असतो, म्हणून तुकडा तिथं बरोबर जुळतो आणि लिखाण पुढं चालू राहतं. लिहून झालेला मूळ आरएनए तो मागोमाग तोडत जातो. एक छोटा तुकडा तेवढा तुटत नाही, त्याच्या टेकूनं दुसरी साखळी सुरू होते. आणखी एक उडी, की दुपदरी डीएनए तयार. मग इंटिग्रेज नावाचा दुसरा एन्झाइम ते आपल्या गुणसूत्रात नेऊन चिकटवतो.

आप्पा बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी पिशवीतून कागद काढले. वर आज्ज्यांच्या काळातला मोडीतला, त्याखाली मराठीतला, आणि शेवटी कॉम्प्युटरवरचा कानडी उतारा. मराठी कागदावर 2 एकर 14 गुंठे, कानडीत 2 एकर 4 गुंठे. “उतरून घेताना एक आकडा गेला,” ते म्हणाले, “आनि आता कचेरीत ह्योच खरा धरत्यात. मूळ कागद फाडला आनि नक्कल दप्तरात लागली, तर ती काढनार कोन?”

इतक्या नेमक्या शब्दांत मला कधी सांगता आलं नव्हतं. हा लेखनिकही लिहिलेलं परत तपासत नाही. त्यामुळे नकलेत चुका राहतात, विषाणू बदलत जातो, आणि एकाच औषधाला दाद देईनासा होतो.

मग त्यांच्याच भाषेत गोळी समजावणं सोपं झालं. लेकीच्या एका गोळीत तीन औषधं आहेत. टेनोफोव्हिर आणि लॅमिव्ह्युडिन ही खोटी अक्षरं. लेखनिकानं ती लिहिली की पुढचं अक्षर जोडायला जागाच उरत नाही, ओळ तिथंच तुटते. तिसरं डोल्युटेग्राव्हिर. ते नक्कल दप्तराला लागूच देत नाही. बाळाला जन्मल्यापासून पाजलेलं नेव्हिरापिनचं सिरप लेखनिकाच्या अंगातल्या एका खाचेत बसतं आणि त्याचा हात आखडतो. पण जी नोंद आधीच दप्तरात लागली, तिला यातलं एकही औषध खोडू शकत नाही. अशा काही पेशी वर्षानुवर्षं निजून राहतात. गोळी थांबली की त्या नोंदीवरून पुन्हा विषाणू छापले जातात.

“आनि बाळाच्या दप्तरात नोंद लागली काय, ते ह्यात बघनार?” तिनं कार्डाकडे बोट केलं.

“हो. तेच.”

वीज गेली होती. दमट हवेत थेंब चार तासांत वाळतील याचा भरवसा नव्हता, म्हणून कार्ड रात्रभर जाळीवर आडवं ठेवलं. सकाळी थेंब गडद तपकिरी झाले होते. सिलिका जेलच्या पुड्यांसकट ते पिशवीत बंद करून पाठवलं.

रिपोर्ट आला : आढळले नाही. पुढच्या तपासण्याही नीट गेल्या, आणि दीड वर्षाची शेवटची निगेटिव्ह आली त्या दिवशी आप्पाही आले होते. त्यांना त्या कागदाची नक्कल हवी होती. मी दिली. रिपोर्ट इंग्रजीत होता, म्हणून त्यांनी मला प्रत्येक ओळ वाचायला लावली, बाळाचं नाव, आईचं नाव, तारीख, निकाल, आणि प्रत्येक ओळीवर बोट ठेवून विचारलं, “बराबर उतरलंय न्हवं?” मग तो कागद घडी न घालता जमिनीच्या कागदांवर ठेवला आणि पिशवीला गाठ मारली.