सुडी निम्मी झाकलेली असताना

सोयाबीनची काढणी आणि परतीचा पाऊस यांची गाठ आमच्या औसा तालुक्यात बहुतेक वर्षी पडते. गेल्या ऑक्टोबरमध्ये दुपारी तीनच्या सुमारास आभाळ भरून आले, तेव्हा कापलेल्या सोयाबीनच्या ढिगावर, म्हणजे सुडीवर, निम्मीच ताडपत्री चढली होती आणि आठ मजूर बायका व मी असे नऊ जण उघड्या रानात होतो. काम उक्ते, म्हणजे सगळ्या कामाची एकच रक्कम ठरवून, घेतलेले असल्यामुळे वाया जाणारा प्रत्येक तास त्यांच्याच पदरचा होता, याची मला जाणीव होती.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेल्या ‘दामिनी’ ॲपवर वीस किलोमीटरच्या परिघाचा इशारा आला होता, तरी मी स्वतः मोजून पाहिले. वीज चमकल्यापासून गडगडाट कानी येईपर्यंत २१ सेकंद गेले. आवाजाला एक किलोमीटर कापायला सुमारे ३ सेकंद लागतात, म्हणजे ती ७ किलोमीटरवर होती. आणि ३० सेकंदांच्या आत आवाज आला, की पाऊस सुरू झालेला नसला तरी रान सोडावे, असा नियम आहे.

“सर, पाऊस अजून लांब हाय. एवढी झाकू द्या, मग लिंबाखाली थांबू,” मावशी म्हणाल्या.

बांधावरचा तो लिंबच मला सर्वांत धोक्याचा वाटत होता. उंच झाडावर पडलेली वीज खोडावरून जवळच्या माणसावर उडी घेते, शिवाय बुंध्यापासून जमिनीत पसरते आणि एका पायातून शिरून दुसऱ्यातून बाहेर पडते. पुढच्या आणि मागच्या पायांत अंतर जास्त असल्यामुळे झाडाखाली बांधलेली जनावरे यातच दगावतात. तिन्ही बाजूंनी उघडा असलेला आमचा आखाडा, म्हणजे रानातली पत्र्याची शेड, पाऊस अडवतो, वीज नव्हे. राहिली जीप. तिचे छत पक्के, पत्र्याचे. वीज पडलीच तर ती बाहेरच्या पत्र्यावरून जमिनीत जाते. हे काम टायरचे रबर करते असे पुष्कळ जण समजतात, ते खरे नाही.

जीपकडे पळताना एकीने लोखंड वीज ओढते म्हणून विळा लांब भिरकावला. विळ्याने तसे काही होत नाही, पण वाद घालायला वेळ नव्हता. काचा वर करून, दाराला कोणी टेकू नका असे बजावून, नऊ जण कसेबसे कोंबून आम्ही गावातल्या शाळेकडे निघालो. वाटेत पुन्हा मोजले, तेव्हा सहाच सेकंद भरले. जीप नसती, तर एकमेकींपासून लांब, टाचा जुळवून उकिडवे बसण्यापलीकडे काही उरले नसते, आणि त्यालाही सुरक्षित म्हणता येत नाही.

शाळेत सगळ्या व्हरांड्यातच थांबू लागल्या. त्यांना आग्रहाने आतल्या खोलीत, खिडक्यांपासून दूर बसवले. खरी कसोटी त्यानंतरच्या थांबण्याची होती. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे बाहेर पडायचे नाही, असे मी सांगितले होते. पाऊस तासाभरात ओसरला, पण विसाव्या मिनिटाला दूर कुठेतरी गुरगुरले आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. पुढे पंचविसाव्या मिनिटाला तेच. मावशींनी चंची सोडून पान लावले आणि माझ्या घड्याळाकडे रोखून पाहिले.

साडेपाचला रानात परतलो, तेव्हा ताडपत्रीचे एक टोक उडालेले होते आणि त्या बाजूचे सोयाबीन भिजले होते. ते दुसऱ्या दिवशी उन्हात पसरावे लागले, आणि वाढलेल्या कामाची मजुरी मी उक्त्यात न धरता वेगळी दिली.