पडणारच आहेत, मग घासायचे कशाला?

"हे दात पडणारच आहेत, मग घासायचे कशाला?" दुसरीच्या वर्गात आज आलेला प्रश्न. अगदी रास्त!

दुधाचे 20, कायमचे 32, हे मुलांना पाठ असतं. पण सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांमागे पहिली कायमची दाढ येते. तिच्यासाठी एकही दात पडत नाही, म्हणून घरात कुणाला पत्ताच लागत नाही. त्यात ती अर्धवट वर आलेली, खोल खाचांची. ब्रश पुढच्या दाढांवरूनच परततो आणि कीड लागते. तिथे ब्रश गालाकडून आडवा घालावा लागतो.

दुधाची दाढ किडून लवकर काढावी लागली, तर हीच कायमची दाढ पुढे सरकते. मग नव्या दाताला जागाच उरत नाही.

समोरच्या मधल्या दातापासून मोजत गेलं की ही दाढ सहावी. आरसा देऊन मुलांनाच शोधायला लावली तर?